पोटाचा नकाशा दाखवणारी पेटी

मित्रांनो, लातूरच्या एका दवाखान्यात भिंतीला टांगलेली मी एक जुनी पेटी. पेटी म्हटल्याबरोबर तुम्हाला सा-रे-ग-म आठवला असेल, तर त्यात तुमचा दोष नाही. आपल्याकडं पेटी म्हणजे कीर्तनात बुवांच्या शेजारी वाजते ती. माझ्यातून सूर निघत नाही, उजेड निघतो. पत्र्याचं अंग, दुधासारखी पांढरी काच, आत तीन नळ्या आणि वर फिल्म अडकवायच्या चिमट्या, एवढाच माझा संसार. एक्स-रेची किंवा स्कॅनची काळी फिल्म माझ्यापुढं लावली की माणसाच्या आतलं सगळं दिसायला लागतं. डॉक्टर म्हणतात, "पेटी लावा हो," आणि नवखा पेशंट दाराकडं बघतो, की आता तबलजीही येणार की काय!

माझा जन्म नांदेडचा. रामलिंग नावाचा एक कारागीर कपड्यांच्या ट्रंका आणि धान्याच्या कोठ्या बनवायचा. त्याच्या दुकानात माझा पत्रा कापला गेला. अशी पेटी त्यानं आधी कधी केली नव्हती. काच दोनदा तडकली, तिसऱ्यांदा बसली. पहिल्यांदा नळ्या पेटल्या तेव्हा त्यानं चपला काढून मला हात जोडले आणि म्हणाला, "माय, तुझ्यापुढं जे येईल ते लख्ख दिसू दे." दुकानातले हसले. मला मात्र वाटलं, आपल्यावर संस्कार झाला.

तिथून मी लातूरला एका हाडांच्या डॉक्टरांकडं आले. १९९३ च्या सप्टेंबरअखेर किल्लारीकडं धरणी हलली, त्यानंतरचे दिवस मी विसरू शकत नाही. वीज नसायची, मी जनरेटरवर जळायचे. ओल्या फिल्मांमधून पाणी टपटप माझ्या पत्र्यावर पडायचं. किती हात, किती पाय, किती मणके माझ्यापुढून गेले, याची गणती नाही. निलंग्याकडची नागम्मा नावाची एक म्हातारी होती, अर्धं कानडी आणि अर्धं मराठी बोलायची. मांडीच्या हाडाची फिल्म माझ्यावर लागली तेव्हा ती बोट दाखवून म्हणाली, "बेळकु, बेळकु." बेळकु म्हणजे उजेड. अडीच महिन्यांनी ती काठी टेकत आली, जुळलेलं हाड स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि माझ्या काचेला हळदीचं बोट लावून गेली. डॉक्टरांनी ते बरेच दिवस पुसू दिलं नाही.

पुढं त्या डॉक्टरांनी वयोमानानं दवाखाना बंद केला आणि मी या मोठ्या दवाखान्याच्या स्कॅन विभागात आले. तोवर लातूरचं रूपच पालटलं होतं. गल्लीगल्लीत क्लासेस, क्लासच्या वर होस्टेल, होस्टेलच्या खाली मेस आणि चौकाचौकात पहिल्या आलेल्या पोरांचे हसरे फोटो. दवाखान्यातही नवलाई आली. कॉम्प्युटरचे पडदे आले, फिल्म कमी झाल्या, माझी विचारपूस कमी झाली. माझ्या चिमटीला कुणी कॅलेंडर अडकवलं, कुणी हात पुसायचा नॅपकिन. एकदा तर सप्ताहाची पत्रिकाच लटकली, रोज संध्याकाळी कुणाचं कीर्तन ते सगळं त्यात छापलेलं. तिचं मला वाईट वाटलं नाही. आठवडाभर वाचत बसले.

मला विसरले नाहीत ते एकटे डॉक्टर रेणुकादास. स्कॅन वाचणारे हे म्हातारे डॉक्टर, कीर्तनाचे भारी शौकीन. बारकावे ते पडद्यावरच बघायचे, खोटं कशाला बोलू? पण शेवटी फिल्म माझ्यावर लावून दोन पावलं मागं सरायचे. म्हणायचे, "पडद्यावर एकेक ओवी दिसते, पेटीवर अख्खं आख्यान दिसतं."

असंच एका जून महिन्यात तारामती मावशींचं आख्यान माझ्यापुढं आलं.

तारामती मावशी रेणापूरच्या. नवरा शेषेराव शेती बघायचे आणि मावशी लातुरात क्लासच्या पोरापोरींची मेस चालवायच्या. वीस वर्षांत शेकडो पोरांनी त्यांच्या हातची ज्वारीची भाकरी खाल्ली होती. त्यांचं पोट दोन महिन्यांपासून फुगत चाललं होतं. पोटातलं पाणी तपासलं, तेव्हा कॅन्सर निघाला, अंडाशयाचा. मित्रांनो, बाईच्या पोटात गर्भाशयाच्या दोन बाजूंना बदामाएवढे दोन अंडाशय असतात. हा आजार तिथं सुरू होतो आणि गुपचूप साबुदाणा सांडावा तसा पोटभर पसरतो. मावशींचा पसरलेला होता.

"पसरलंय म्हंजी आता काय व्हत न्हाई, असंच ना?" शेषेरावांनी विचारलं.

समोर होत्या डॉक्टर मृण्मयी, कॅन्सरचं ऑपरेशन करणाऱ्या. वयानं तरुण, बोलायला शांत. त्या म्हणाल्या, "काका, पसरलाय, पण सगळा काढता आला तर मावशींना खूप फायदा आहे. सगळा म्हणजे डोळ्यांना दिसेल तेवढा सगळा. अर्धा ठेवून येण्यात अर्थ नाही. म्हणून पोट उघडण्याआधी कुठं कुठं काय आहे त्याचा नकाशा हवा. कुठून सुरुवात करायची, सोबत कोण डॉक्टर लागतील, रक्त किती लागेल, सगळं त्यावर ठरतं. नाहीतर पोट उघडायचं आणि हात न लावता शिवून टाकायचं, असं होतं. ते मला करायचं नाही."

"अन् नकाशात दिसलं, की न्हाई निघत?"

"तर ऑपरेशन नाही. आधी नुसती औषधं, आणि मग देवाची मर्जी."

मावशी मात्र हसतच होत्या. "मॅडम, माझ्या मेसची सतरा पोरं डॉक्टर झाली. परवापासून सतरा फोन आले अन् सतरा सल्ले. एक म्हणतो मुंबईला जा, एक म्हणतो लिंबूपाणी घ्या."

"मग अठरावा सल्ला माझा," मृण्मयी मॅडम म्हणाल्या. "परवा सकाळी उपाशी या. स्कॅन करू."

त्या 'उपाशी या' या दोन शब्दांनी पुढं किती घोळ घातला, ते ऐका.

मावशी ठरल्या दिवशी आल्या. स्कॅन झाला. दोन दिवसांनी मॅडमनी फिल्म माझ्यावर लावल्या. पोटाच्या मधोमध लहान आतड्याची वेटोळी एकमेकांना चिकटून काळसर गोळा होऊन बसली होती. त्यावर जागोजागी आजार असावा असं दिसत होतं. माणसाला जगायला लहान आतडं लागतं, ते सगळं काही कापून टाकता येत नाही. मॅडमनी पेनाचं टोपण घातलं आणि शेषेरावांना आत बोलावलं.

"काका, आतड्यावर फार पसरलेलं दिसतंय. मला वाटतं, ऑपरेशन करू नये."

शेषेराव डोक्यावरची टोपी काढून तिची घडी घालत राहिले. एक घडी, दुसरी घडी. टोपीची शेवटी पानाच्या विड्याएवढी पुरचुंडी झाली. माझी एक नळी त्या वेळी उगीच लुकलुकली, म्हणजे मलाही काय करावं ते सुचेना.

तेवढ्यात डॉक्टर रेणुकादास आले. पुतणीच्या लग्नाला जळकोटला गेले होते, अंगावर अजून लग्नातलाच सदरा. सवयीप्रमाणं ते दोन पावलं मागं सरले, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "मृण्मयी, हे काय? पोटात सरबत कुठंय?"

सरबताचं असं असतं मित्रांनो, की या स्कॅनच्या आधी तासभर दीड लिटर औषध पाजतात. नुसतं जात नाही म्हणून संत्र्याच्या सरबतात मिसळून देतात. ते आतड्यात भरलं की आतडं फिल्मवर पांढरंशुभ्र उजळतं, मग आतडं कोणतं आणि आजार कोणता हे वेगळं ओळखता येतं.

स्कॅन करणारे किशनराव धावत आले. "पाजलंय सर. बाटली त्यांच्या हातात दिली, तासाभरानं रिकामी बघितली. हे बघा, लिहिलंय."

"आतड्यात नाही ते नाही, जठरातसुद्धा थेंब नाही! दीड लिटर सरबत गेलं कुठं? बाई काय वाफ करून बसल्या?"

दाराशी धुरपताबाई फरशी पुसत होत्या. या दवाखान्यातल्या जुन्या सफाईवाल्या, डॉक्टरांनाही दटावायच्या. त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "सर, ते सरबताचं ऱ्हाऊ द्या, आधी मला सांगा, त्या बाकड्याजवळच्या क्रोटनच्या कुंडीत गूळ कोण टाकून राहिलंय? दोन दिस झाले, मुंग्यांची रांग हटंना. इथून तिथवर वारूळ झालंय नुसतं!"

रेणुकादासांनी फिल्मच्या कोपऱ्यातली तारीख पाहिली, मग बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं, आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अरे देवा! त्या दिवशी निर्जला एकादशी होती."

मावशींना आत बोलावलं. त्यांनी एकदा कुंडीकडं पाहिलं, एकदा धुरपताबाईंकडं, आणि पदर तोंडाला लावला.

"तुमीच म्हणाल्या ना मॅडम, उपाशी या. मी म्हनलं, बघा, दवाखाना बी देवाचाच हाय, बरोबर एकादशीला उपाशी बोलावतो! मी तर पाण्याचा थेंब न घेता आले. अन् हितं हे दादा म्हणतात, दीड लिटर सरबत प्या. देवाला बोलले व्हते वो मी, पोट बरं कर, औंदाची एकादशी थेंबाविना करीन. दादांना न्हाई म्हणायची लाज वाटली. म्हणून थोडं थोडं झाडाला पाजलं."

"अख्खं?" किशनराव ओरडले.

"हाव. झाडाला लई आवडलं."

रागवावं की हसावं, मृण्मयी मॅडमना कळेना. रेणुकादास खुर्ची ओढून मावशींसमोर बसले. आवाज असा मऊ केला, की मला वाटलं आता निरूपणच सुरू होणार.

"बाई, तुम्ही देवापुढं रिकाम्या पोटी गेलात, ते त्याला पोचलं. पण मला तेच पोट उजेडानं भरलेलं हवं होतं. रिकामं आतडं वाळत घातलेल्या ओल्या धोतरासारखं चिकटून बसतं, त्यात मला गाठ कोणती आणि घडी कोणती ते कसं कळावं? या मॅडम आत्ता तुमच्या मालकांना सांगत होत्या, की ऑपरेशन होत नाही. एवढ्याशा सरबतापायी."

मावशींचं हसू मावळलं. त्यांनी शेषेरावांकडं पाहिलं, त्यांच्या हातातल्या टोपीच्या पुरचुंडीकडं पाहिलं.

"अवो, तुमाला काय सांगितलं ह्यांनी?"

"काय न्हाई," शेषेराव म्हणाले. मग टोपीची घडी उलगडत म्हणाले, "तारे, तू देवाला बोललीस ते मला तरी सांगायचं होतंस. मी धरला असता की उपवास तुझ्या वाटचा."

मावशींनी डोळे पुसले आणि विचारलं, "डॉक्टरसाहेब, एकादशीचं पारणं काल झालं, आता सरबताचं बी फेडू का?"

"फेडा! फक्त कुंडीपासून लांब बसून."

रक्ताच्या तपासण्या पुन्हा करून चार दिवसांनी दुसरा स्कॅन ठरला. या वेळी किशनराव हातात घड्याळ घेऊन समोर उभे, धुरपताबाई कुंडीला आडव्या उभ्या. मावशी एकेक घोट देवाचं नाव घेऊन पीत होत्या. मध्येच म्हणाल्या, "दादा, मीठ कमी हाय." किशनरावांनी हात जोडले.

दुसऱ्या दिवशी जुन्या आणि नव्या फिल्म माझ्यावर शेजारी शेजारी लागल्या. मित्रांनो, त्या दिवशी माझ्या तिन्ही नळ्या धड जळत होत्या याचं मला फार समाधान आहे. काय ते रूप! सप्ताहाच्या मांडवात दिव्यांची माळ पेटावी तसं अख्खं आतडं वळणावळणानं उजळून निघालं होतं. वेटोळी सुटी आणि मोकळी. काळा गोळा म्हणून जे आम्हाला घाबरवत होतं, ते नुसतं उपाशी आतडं होतं.

आजार होताच, पण तो आता आपापल्या जागी ओळखू येत होता. दोन्ही अंडाशयांत होता. आतड्यांवर पदरासारखा चरबीचा पडदा असतो, त्या पडद्यात होता. उजवीकडं छाती आणि पोट यांच्या मधल्या छतालाही थोडा चिकटला होता. खाली मोठ्या आतड्याचा वितीएवढा तुकडा त्यानं धरला होता. मृण्मयी मॅडमनी काचेवर लिहायची लाल पेन्सिल घेऊन फिल्मवर एकेक गोल काढला.

"छतासाठी नांदेडहून डॉक्टर मिहिरना बोलावते. आतड्याचा हा तुकडा काढून पुन्हा जोडता येईल. पाच-सहा तास धरू."

"आणि हे?" रेणुकादासांनी एका ठिकाणी बोट ठेवलं. नाभीखाली लहान आतड्याचं एकच वळण धूसर दिसत होतं. "हे आजाराचं आहे की दुसरं काही, फिल्म सांगत नाही. इथं असलं तर खाली मुळापर्यंत, जिथून आतड्याला रक्त पोचतं तिथवर, गेलेलं असू शकतं. मग सगळंच अडेल."

मॅडमनी तिथं गोल काढला नाही. प्रश्नचिन्ह काढलं.

मावशींना सगळं समजावून सांगितलं. ऑपरेशन, आणि त्यानंतर सलाईनमधून द्यायची औषधं. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "म्हंजी ऑपरेशन हा पूर्वरंग अन् औषधं हा उत्तररंग. उत्तररंग सोडून उठायची सवय न्हाई मला, मॅडम."

ऑपरेशन थिएटरातल्या पेटीवर एकच फिल्म मावायची. मॅडमना नकाशा सलग समोर हवा होता. म्हणून इतक्या वर्षांनी मला भिंतीवरून उतरवलं गेलं. धुरपताबाईंनी स्पिरिटनं माझं अंग असं घासलं, की रामलिंगच्या दुकानातला रंग उघडा पडला. त्या पुटपुटल्या, "आज लुकलुकू नगंस बाई." मी थिएटरच्या भिंतीवर चढले आणि माझ्या नळ्यांच्या चोकची गुणगुणसुद्धा दाबून धरायचा प्रयत्न केला.

मित्रांनो, सहा तास मी तिथं होते. रक्त आणि सुरीचं वर्णन तुम्हाला नको. एवढं सांगते, की दर थोड्या वेळानं मॅडम मान वर करून माझ्याकडं पाहायच्या, लाल गोल शोधायच्या आणि पुन्हा खाली वाकायच्या. एकेक गोल पुरा होत गेला. नांदेडचे डॉक्टर मिहिर छत साफ करून बाजूला झाले. शेवटी उरलं ते प्रश्नचिन्ह.

मॅडमनी लहान आतडं हातात घेतलं आणि सुरुवातीपासून शेवटापर्यंत बोटांमधून सरकवू लागल्या, जपमाळेचा एकेक मणी ओढावा तसं. नाभीखालच्या वळणाशी त्यांची बोटं थांबली. त्यांनी चाचपलं. पुन्हा चाचपलं.

"मावशींचं आधी काही ऑपरेशन झालंय?"

"कुटुंब नियोजनाचं," कुणीतरी कागद बघून सांगितलं. "तीस वर्षांपूर्वी, गावच्या शिबिरात."

"मग त्याचीच ही जुनी चिकटण आहे. आजार नाही." मॅडमनी ती अलगद सोडवली. एक तुकडा तिथल्या तिथं तपासणीला पाठवला, तोही स्वच्छ आला. मग त्यांनी सगळ्या पोटावरून पुन्हा एकदा नजर फिरवली, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "दिसण्यासारखं काही उरलं नाही."

मास्कमुळं त्यांचा चेहरा दिसत नव्हता, पण डोळे हसत होते. माणसाचं आत-बाहेर पाहण्यात माझा जन्म गेलाय, तेवढं मला कळतं.

बाहेर शेषेराव सहा तास बसले होते. बसवेना म्हणून त्या क्रोटनला त्यांनी इतकं पाणी घातलं, की धुरपताबाईंना पुन्हा फरशी पुसावी लागली. त्या दिवशी त्यांनी तक्रार केली नाही.

औषधांचे महिने सोपे गेले नाहीत. मावशींचे केस गेले, तोंडाची चव गेली. मेसच्या पोरींनी आळीपाळीनं भाकऱ्या थापल्या, त्यातल्या निम्म्या करपल्या. पण उत्तररंग पुरा झाला. आज दोन वर्षं झाली. मावशी दर काही महिन्यांनी तपासणीला येतात. पुढं काय होईल ते कुणी छातीठोक सांगत नाही, मृण्मयी मॅडमही नाही. पण आत्तापर्यंतची प्रत्येक फिल्म स्वच्छ आहे.

आता मी वरच्या मजल्यावर असते, नर्सिंग शिकणाऱ्या मुलींच्या वर्गात. मित्रांनो, माझं तुमच्याकडं एवढंच मागणं आहे, की जुनं यंत्र दिसलं तर त्यावर कॅलेंडर चिकटवू नका, कोरड्या फडक्यानं पुसा, काम झालं की बटण बंद करा. आणि आजारी माणसाला नुसतं 'उपाशी या' म्हणू नका, का आणि कसं तेही सांगा. तुम्ही स्वतः आजारी असाल, तर जे देवाला बोलला असाल ते डॉक्टरांनाही सांगा. देव रागवत नाही, आणि डॉक्टरांनाही बरं पडतं.

मुलींना शिकवायला मावशींच्या फिल्म वापराव्यात, असं मॅडमच्या मनात होतं. नाव झाकून, अर्थात. परवानगी मागायला बोलावलं तर मावशी म्हणाल्या, "झाकता कशाला? इतकी वर्षं पोरांच्या पोटाला घातलं, आता माझं पोट पोरींच्या कामी येऊ द्या."

आणि त्या स्वतःच वर्गात आल्या. डोक्यावर नवे बारीक कुरळे केस आले होते. माझ्यावर त्यांची फिल्म लावली होती, लाल गोलांसकट. पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं फिल्मकडं पाहिलं, मग मावशींकडं पाहिलं आणि दबक्या आवाजात विचारलं, "मावशी, हे खरंच तुम्हीच?"

मावशी माझ्या उजेडात पुढं सरकल्या आणि पोटावर हात ठेवून म्हणाल्या, "मीच की गं. आतून बी मीच अन् बाहेरून बी मीच. ये, जवळ येऊन बघ."